अर्ध्या तासाची सनद

समुद्रपर्यटनाची हौस अलीकडे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांतही रुजू लागली आहे. आणि ज्यांनी अशा सफरीचे तिकीट काढले असेल त्यांना हे ठाऊक असेल की, खोलीची निवड आटोपली म्हणजे प्रवाशापुढे रात्रीच्या भोजनाचा प्रश्न येतो: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मेजावर, ठरलेल्या सोबत्यांसह जेवावयाचे, की मनास येईल तेव्हा जाऊन रिकाम्या मेजावर बसावयाचे? जुन्या जहाजांवर ही निवड बहुधा नसे. सारे उतारू एकाच वेळी भोजनगृहात मावत नसत, म्हणून त्यांच्या दोन पंगती केल्या जात, आणि एकदा ज्या पंगतीत नाव लागले तिच्यातच सफर संपेपर्यंत बसावे लागे. इ. स. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ही शिस्त सैल केली, इतर कंपन्यांनीही आपापल्या परीने तोच मार्ग धरला, आणि आज ठरीव वेळ ही जुन्या वळणाच्या माणसांची आवड व सैल वेळ ही नव्या काळाची मोकळीक, असा एक समज त्यातून रूढ झाला आहे.

हा समज फुरसतीच्या माणसाचा आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि चाकण या टापूत, जिथे दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत लक्षावधी माणसे कामावर जातात आणि कामावरून परततात, तिथे जेवणाची वेळ हा मजुरीचा, कायद्याचा, यंत्राच्या जातीचा आणि घरातल्या चुलीचा प्रश्न आहे. आणि त्याचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, जहाजावर जी शिस्त जाचक वाटते तीच शिस्त मजुराने सभा भरवून, अर्ज लिहून, सरकारदरबारी खेटे घालून मागून घेतलेली आहे.

कारखाने येण्यापूर्वी हा सारा शेतकऱ्यांचा मुलूख होता. चाकणचा भुईकोट, ज्यास संग्रामदुर्ग म्हणतात, तो १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, ही त्या गावाची इतिहासातली थोर ओळख. एरवी चाकण म्हणजे कांद्याची पेठ, चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे देवस्थान, देहू व आळंदी म्हणजे वारकऱ्यांची क्षेत्रे, आणि बाकीची गावे पावसावर पिकणारी. अशा मुलखात जेवणाची वेळ घड्याळाने ठरत नसे. दिवस कासराभर वर आला की न्याहारी, औत सुटले की भाकरी, आणि गुरे दावणीला लागून दिवेलागण झाली की रात्रीचे जेवण, हा क्रम सर्वांस ठाऊक असला तरी पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत तो घटका-दोन घटका सहज पुढेमागे सरके, आणि घरधनीण डोक्यावर पाटी घेऊन बांधावर केव्हा पोहोचते यावर शेतकऱ्याची दुपार अवलंबून राही. ठरीव वेळ पाळली जाई ती देवस्थानात. इनाम गावांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या पूजा-नैवेद्याचा क्रम चुकू देणे म्हणजे सनदेला बट्टा लावणे होते. देवाची वेळ नेमस्त आणि माणसाची वेळ सैल, अशी ही जुनी व्यवस्था होती. परंतु त्या सैलपणास स्वातंत्र्य म्हणावे असे कोणाच्या मनात आले नसते, कारण ती वेळ पावसाच्या, बैलांच्या आणि वेळप्रसंगी सावकाराच्या बोलावण्याच्या सोयीने ठरत असे.

१८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी धावू लागली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई व पुणे ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली, तेव्हापासून मावळ व खेड तालुक्यांतला तरुण मुंबईच्या वाटेला लागला. तिथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणीचे यंत्र उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले, आणि मजुराच्या जेवणासाठी ते थांबवावे की न थांबवावे, थांबवावे तर किती वेळ, हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असे. मजूर शेजाऱ्याला आपला माग सांभाळावयास सांगे, कापसाचे तंतू उडत असतानाच एखाद्या कोपऱ्यात फडके सोडून भाकरीचे चार घास पोटात ढकली, आणि मुकादमाची नजर वळण्याच्या आत पुन्हा मागावर उभा राही. पुढे सरकारी चौकश्यांपुढे मालकांनी याच चोरट्या घासांचा हवाला देऊन सांगितले की, हिंदी मजूर कामाच्या वेळात वारंवार बाहेर जातो, रेंगाळतो, टिवल्याबावल्या करतो. त्यास वेगळ्या विश्रांतीची गरज ती काय? भोजनाच्या सैल वेळेचे आपल्याकडील पहिले औद्योगिक रूप हे असे होते. मनास येईल तेव्हा जेवण्याची मुभा कागदावर प्रत्येकास होती, आणि निर्वेधपणे जेवण्याची मुभा कोणासच नव्हती.

ही स्थिती ज्यांना प्रथम स्पष्ट दिसली त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि १८८४ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’चे प्रवर्तक, त्यांचे मूळ गाव म्हणून खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे नाव सांगतात. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ बालमजुरांस रोज एक तासाची विश्रांती दिली होती, प्रौढांचा त्यात विचारच नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळ भागात मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनात भरतो: आठवड्यातून एक रविवार पूर्ण सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर अपघात झाल्यास निर्वाहाची तजवीज, आणि दररोज दुपारी अर्धा तास विसावा.

या शेवटच्या मागणीचे मर्म तिच्या ठरीवपणात आहे. दिवसातून केव्हा तरी तीस मिनिटे मिळावीत एवढेच मागितले असते, तर मालकाने हसून सांगितले असते की, तेवढी तर तुम्ही आजही घेताच. मजुरांना हवा होता तो सर्वांचा एकाच वेळचा, मुक्रर आणि यंत्र बंद ठेवून मिळणारा अर्धा तास. यंत्रच थांबले म्हणजे मुकादमाला हाक मारावयास कारण उरत नाही, शेजाऱ्यावर भार पडत नाही, आणि जेवणारा माणूस अपराधी ठरत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली; १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली; आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने दुपारी बारा ते दोन या अवधीत गिरणीचे काम अर्धा तास बंद ठेवण्याचे बंधन घातले. देवाच्या नैवेद्याला जी नेमस्त वेळ होती तशी वेळ मजुराच्या भाकरीला प्रथमच मिळाली.

वेळ मुक्रर झाली की तिच्याभोवती धंदे उभे राहतात, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध धंदा याच मुलखातल्या माणसांनी उभा केला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचविण्याचे काम संघटित स्वरूपात सुरू केले, आणि तेव्हापासून आजतागायत मुंबईचे डबेवाले हे मुख्यत्वे खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतले वारकरी वळणाचे शेतकरी राहिले आहेत. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरल्या की ते काही दिवसांची रजा घेऊन गावी येतात आणि तेवढे दिवस मुंबईतल्या कचेऱ्यांची दुपार विस्कळीत होते. परक्या माणसाचे जेवण बाराच्या ठोक्यानंतर, साडेबाराच्या आत, त्याच्या मेजाशी पोहोचले पाहिजे, हा त्यांचा नेम. स्वतःचे फडके ते सोडतात ते सगळे डबे पोहोचल्यावर, कुठल्या तरी कठड्यावर एकत्र बसून. ठरलेल्या वेळी जेवणारा आणि ती वेळ पाळता यावी म्हणून आपली वेळ सैल ठेवणारा, अशी ही जोडी तेव्हापासून आपल्या समाजात कायमची झाली.

गिरणगावातल्या खानावळवालीची गोष्टही तीच. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले मजूर महिनेवारी ठरवून तिच्याकडे जेवत. गिरण्या पाळ्यांत चालू लागल्यावर एकाच खोलीत राहणारे, एकाच जागेवर आळीपाळीने झोपणारे हे लोक निरनिराळ्या वेळी पानावर बसू लागले, आणि त्या बाईची चूल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत विझेनाशी झाली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली, तोपर्यंत तीन पाळ्यांच्या मजुरांना तीन वेळा वाढणाऱ्या या स्त्रीच्या जेवणाची वेळ कोणती, हा प्रश्न कोणत्याही आयोगाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

घड्याळाविषयीही मजूर उदासीन नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ अंमलात आली आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे होती, तेव्हा गिरण्यांत असंतोष माजला आणि काही ठिकाणी कामही बंद पडले. कारण सूर्य होता तिथेच राहून भोंगा तेवढा अगोदर वाजणार होता. मुंबईच्या काही घड्याळांवर जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. हा हट्ट वरवर वेडगळ वाटतो, परंतु वेळ ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, हाच त्यातला वाद होता.

स्वातंत्र्यानंतर ही सारी धडपड एका कायद्यात एकत्र आली. १९४८ चा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून २०२५ पर्यंत अंमलात होता, आणि पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास हा प्रारंभापासूनच या कायद्याच्या छायेतला आहे, ही त्याची मुंबईहून वेगळी अशी जात आहे. कलम ५५ सांगत असे की, किमान अर्धा तास विश्रांती दिल्याखेरीज कोणाही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येणार नाही. कलम ४६ सांगत असे की, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास राज्य सरकार उपाहारगृह चालविण्यास भाग पाडू शकेल. कामाच्या व विश्रांतीच्या वेळांचा तक्ता कामगारांना समजेल अशा भाषेत दर्शनी जागी लावणेही बंधनकारक होते. आणि एकदा लावलेल्या तक्त्याच्या बाहेर काम घेणे हाच मुळी गुन्हा होता.

कायद्याखाली केलेल्या नियमांत तर याहून सूक्ष्म तरतुदी आढळत. उपाहारगृहाच्या भोजनकक्षात एका वेळी, त्या वेळी कामावर असलेल्यांपैकी किमान तीस टक्के कामगार बसू शकतील एवढी जागा असावी. स्त्रियांसाठी स्वतंत्र भाग असावा. अन्न ना नफा तत्त्वावर द्यावे. आणि व्यवस्थेवर नजर ठेवण्यास मालकाने नेमलेल्या व कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची समसमान संख्येची एक समिती असावी, जिचा सल्ला अन्नाचा दर्जा व प्रमाण, पदार्थांची यादी आणि जेवणाच्या वेळा या बाबतींत घेतला जावा. या तीस टक्क्यांच्या आकड्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या कारखान्याने नियमापुरतीच जागा बांधली तिथे सर्वांचे जेवण होण्यास चार पंगती लागणार. दर पंगतीस अर्धा तास धरला तरी दोन तास जाणार. आणि म्हणून कारखान्यातले दुपारचे जेवण हे जुन्या जहाजांप्रमाणे पंगतींच्या वाटणीनेच होणार. जहाजावर आणि कारखान्यात जेवणाच्या वेळा ठरीव झाल्या त्या सारख्याच कारणाने, म्हणजे माणसे फार आणि जागा थोडी म्हणून. फरक इतकाच की कारखान्यात ही वाटणी कोणी करावी याविषयी कायद्याने कामगारालाही बोलावयास जागा ठेवली.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याने देशात पेनिसिलीन तयार करण्यास आरंभ केला, आणि फाळणीनंतर वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीपलीकडे ज्या पिंपरीस कोणी ओळखत नव्हते ती पिंपरी नकाशावर आली. १९६० च्या आगेमागे आकुर्डीस बजाज ऑटो व बजाज टेंपो यांचे कारखाने आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन भोसरी-चिंचवडच्या माळरानांचे भूखंड पडू लागले. १९६६ पासून सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा राहू लागला. सातबाऱ्यावरची नावे बदलत गेली, १९७० साली या गावांची मिळून नवनगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका.

या कारखान्यांत जेवणाची वेळ यंत्राच्या जातीवर ठरली. पेनिसिलीनच्या कारखान्यात बुरशीची वाढ बंद टाक्यांत कित्येक दिवस चालू ठेवावी लागते. निर्जंतुक हवा, तापमान आणि ढवळण्याची गती यांवर अहोरात्र लक्ष नसेल तर साराच घाणा वाया जावयाचा. तिथे भोंगा वाजला म्हणून सगळ्यांनी एकदम उठून चालत नाही. बदलीचा माणूस येऊन उभा राहतो, मग पहिला जेवावयास जातो. ओतकामाच्या कारखान्याचीही तीच तऱ्हा, कारण वितळलेले लोखंड कोणाच्या भुकेसाठी थांबत नाही. उलट जुळणीच्या साखळीवर, जिथे स्कूटर किंवा मालमोटर हळूहळू पुढे सरकत जाते आणि प्रत्येक माणूस तिला एकेक भाग जोडतो, तिथे एक माणूस उठला तर सारी साखळी अडते, म्हणून तिथे थांबावयाचे तर सर्वांनी एकदम थांबावे लागते. एका ठिकाणी यंत्र थांबू शकत नाही म्हणून वेळ वाटून घ्यावी लागली, दुसऱ्या ठिकाणी एकट्याला थांबता येत नाही म्हणून वेळ एकत्र ठरवावी लागली. पहिल्या प्रकारात बदलीचा माणूस उशिरा आला की जेवण लांबते, आणि कोणत्या पाळीत किती बदली माणसे असावीत यावरून कामगार संघटना व व्यवस्थापन यांच्यात जी घासाघीस होते, तिच्या मुळाशी बहुधा हे लांबलेले जेवण असते.

या अर्ध्या तासाचा जमाखर्च जवळून पाहिला पाहिजे. भोंगा होतो तेव्हा माणूस यंत्रापाशी असतो. हाताला तेल आणि ग्रीस लागलेले, ते निघावयास पावडरीचा साबण घासून दोनदा हात धुवावे लागतात. मग विभागापासून कँटीनपर्यंतची चाल. मोठ्या कारखान्यात ती लांबलचक रस्त्यावरून असते आणि पावसाळ्यात ती भिजत करावी लागते. दारात कूपन द्यावयाचे, खणाखणांची स्टीलची थाळी उचलावयाची, रांगेने सरकत पोळ्या, उसळ, भाजी, आमटी, भात घ्यावयाचा, आणि आपल्या विभागातली माणसे ज्या बाकावर बसली आहेत तो बाक गाठावयाचा. इथवर निम्मा वेळ संपलेला असतो. उरलेल्यात जेवण, आठवड्याच्या गोड पदार्थावर टीका, संघटनेची बातमी, गावाकडचा निरोप, आणि थाळी ठेवून परत. कोणी जेवण चार मिनिटांत आटोपून उरलेला वेळ झाडाखाली पाय ताणण्यास वापरतो, कोणी दहा मिनिटे चवीने जेवून धावत सुटतो. परंतु त्या तीस मिनिटांत पर्यवेक्षक त्याला हाक मारीत नाही, आणि मारलीच तर ‘सुट्टी झालीय, साहेब’ एवढे म्हणून तो पुढचा घास घेऊ शकतो. हे उत्तर देण्याची सोय म्हणजेच १८८४ च्या अर्जाचे आजचे फळ आहे. पुष्कळ कारखान्यांत अधिकाऱ्यांचे भोजनगृह निराळे असे, आणि तिथे वेळेचा तक्ता नसे. सवड होईल तेव्हा साहेब जाऊन बसत. सैल वेळ ही हुद्द्याची खूण होती.

कारखान्यात वेळ ठरली, आणि घरातली वेळ मात्र मोडली, हे या इतिहासाचे दुसरे अंग आहे. पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास लागते, म्हणजे तिचे ‘दुपारचे’ जेवण साडेदहा-अकरालाच होऊन जाते. दुसरी पाळी दुपारी लागून मध्यरात्रीच्या आसपास सुटते. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी घरी येऊन इतरांच्या न्याहारीच्या वेळी जेवून झोपतो. त्यातून पाळ्या आठवड्यागणिक फिरतात. घरी नवऱ्याची दुसरी पाळी, मुलाची सकाळची शाळा आणि सासूबाईंचे पथ्य यांचा मेळ घालता घालता गृहिणी एकाच रात्री तीनदा पाने मांडते, आणि पुढल्या सोमवारी तो मेळ पुन्हा नव्याने घालते. आकुर्डी, निगडी, प्राधिकरण, काळेवाडी इथल्या घरांतली भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली तर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी पेन्सिलीने ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘नाईट’ असे लिहिलेले आढळते. आणि रात्री पोळ्या किती वाजता लाटावयाच्या हे त्या नोंदीवरून ठरते.

सुट्टीच्या वाराचेही असेच झाले. लोखंड्यांनी रविवार मागितला तेव्हा तो खंडोबाचा वार आहे, असाही आधार दिला गेला होता. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक टापूत मात्र, विजेचा भार आठवड्यात वाटला जावा म्हणून, गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस झाला, आणि ‘एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी’ हे वाक्य इथल्या शाळकरी मुलासही पाठ आहे. ज्या घरांत गुरुवार हा दत्ताचा म्हणून पाळला जातो, तिथे घरातला कर्ता पुरुष आठवड्यातून एकदा निवांत जेवावयास सापडतो तो नेमका ज्या दिवशी मटण शिजत नाही त्या दिवशी. आणि मुलांना सुट्टी असते त्या रविवारी तो कँटीनच्या रांगेत असतो. कुटुंबाने एकत्र एका पानाशी बसण्याचा योग हा अशा रीतीने वीज मंडळाच्या सोयीने ठरू लागला.

१९९९ साली बजाजने चाकणला कारखाना काढला, आणि त्यानंतरच्या दशकात महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या शिवारात कारखान्यांची रीघ लागली. २००९ मध्ये फोक्सवागेन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्र, आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहानमोठे कारखानदार. ज्या खेड तालुक्यातून डबेवाले मुंबईस गेले त्याच तालुक्यात आता मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, बिहार व उत्तर प्रदेशातून तरुण येऊ लागले. गावकऱ्यांनी शेतात खोल्यांच्या चाळी बांधल्या, आणि त्यांच्या आसऱ्याने मेस नावाची संस्था फोफावली. मेसचा नेम सोपा: महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचे जेवण, पाळी असेल तसा डबा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ चूल बंद. गिरणगावच्या खानावळवालीचा वारसा इथे चालू आहे.

परंतु चाकणमधल्या मजुरांचा मोठा भाग कंत्राटी किंवा प्रशिक्षणार्थी आहे, आणि ठरीव वेळेचे कवच त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता पातळ होते. मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यास जेवण मिळते. पण शे-पन्नास माणसांच्या छोट्या शेडमध्ये कँटीन बांधण्याची सक्ती नाही, वेळेचा तक्ता भिंतीवर असला तरी माल संध्याकाळच्या गाडीने जावयाचा असतो, आणि ‘एवढा लॉट काढ, मग जेव’ या पाच शब्दांनी कायद्याचा अर्धा तास बाजूला सारला जातो. १८८० च्या गिरणीतली सैल वेळ ती हीच. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत, कंत्राटी मजूर धरून शंभर कामगार असतील तिथे उपाहारगृहाची तरतूद आहे, ही गोष्ट म्हणूनच दुर्लक्षिण्यासारखी नाही.

याच टापूच्या कडेला हिंजवडी आहे, आणि तिथे सैल वेळेचे अर्वाचीन रूप पाहावयास मिळते. संगणकाच्या कचेरीत भोंगा नाही, भोजनालये दिवसभर उघडी, आणि केव्हा जेवावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले. मोठमोठ्या पगारांची ही माणसे रात्री आठ वाजता अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलत असतात, कारण तिकडे तेव्हा सकाळ झालेली असते. समोर डबा उघडा, कानाला यंत्र, आणि घास घेण्यापूर्वी आपला आवाज बंद केल्याची खात्री करून घेण्याची धांदल. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या कायद्यातही अर्ध्या तासाची विश्रांती आहेच. पण जिथे वेळ मुक्रर नाही तिथे ती बुडाली हे दाखवावयाचे कसे? टेल्कोतला फिटर ज्या आत्मविश्वासाने ‘सुट्टी झालीय’ म्हणतो तो आत्मविश्वास या सुशिक्षितांपाशी नसतो, कारण त्यांची सुट्टी नेमकी केव्हा झाली हे त्यांनाच ठाऊक नसते.

यावरून ठरीव वेळ सदैव बरी आणि सैल वेळ सदैव फसवी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आजारी माणसाला, अंगावर पाजणाऱ्या आईला, पथ्य सांभाळणाऱ्या वृद्ध कामगाराला अकराच्या पंगतीत बसविणे हा जुलूमच आहे. आणि सैल वेळ ज्याच्या हातात आहे त्याला ती खरोखर सुख देते, जसे ते जहाजावरच्या उतारूस मिळते. उतारूने पैसे भरलेले असतात, त्यास कोणी कामाला बोलावणार नसते, आणि मन बदलले तर तो उद्या दुसऱ्या वेळी जेवू शकतो. पण बोलावणे नाकारण्याची शक्ती ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती सैल वेळ देणे म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती देणे होय. दीडशे वर्षांच्या या इतिहासाने वारंवार शिकविले ते एवढेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास, आणि विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्यास मंजुरी दिली. त्या एका तासाचा वाद उद्योगवाढीच्या भाषेत मांडला जातो, आणि उद्योग वाढले पाहिजेत याविषयी पिंपरी-चाकणच्या माणसास तरी कोणी सांगावयास नको. तथापि सकाळी सातला यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाची भूक बाराऐवजी एकपर्यंत लांबवावयाची असेल, तर ज्या जुन्या नियमात ‘जेवणाच्या वेळा’ हे शब्द समितीच्या कामांत स्वच्छ लिहिलेले आहेत, त्या नियमाला प्रत्येक कारखान्यात जागे केले पाहिजे. ती समिती कागदावर न राहता भरली पाहिजे, तिच्यात कायम कामगाराबरोबर कंत्राटी मजुराचाही माणूस असला पाहिजे, आणि पंगत केव्हा बसावयाची हे पंगतीत बसणाऱ्यांना विचारून ठरले पाहिजे. वेळ ठरीव ठेवावयाची की सैल, हा निर्णय मग ती माणसे आपल्या पोटाला आणि पाळीला पाहून करतील. लोखंड्यांच्या अर्जावर अंगठे उठविणाऱ्यांपेक्षा त्यांना आपले हित कमी कळते असे मानण्यास काही कारण नाही.